या वयात कशाला?

पहाटे साडेचार वाजता घरातले एखादे वयस्क माणूस बुटाच्या नाड्या बांधत बसलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? बाबा, काका, सासरे, कदाचित आईसुद्धा. केस पांढरे, पायात रंगीत बूट, मनगटावर घड्याळ. आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "या वयात कशाला हे?"

हा प्रश्न तुम्ही विचारला असेल, किंवा तुम्हाला तो विचारला गेला असेल. मी विचारणाऱ्यांपैकी होते. तेव्हा मला तो अगदी साधा, समंजस प्रश्न वाटत होता. आता वाटतो तसा तो साधा नाही. त्यात काळजी असते, भीती असते, लोक काय म्हणतील याची थोडी लाजही असते. आणि ज्याला आपण विचारतो त्या धावणाऱ्याच्या मनातही सगळेच निर्मळ असते असे नाही. म्हणून या प्रश्नाकडे आज आपण जरा थांबून पाहू.

तंजावरचे मामा

माझी आई तंजावरची. सतराव्या शतकात, व्यंकोजीराजांच्या काळापासून जी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली, त्यांपैकी एक आमचे आजोळ. तंजावर आणि तिरुवैयारु यांच्या मधल्या एका गावात मामा-मामी राहतात. घरात मराठी बोलतात, पण ती तिथली मराठी, तमिळच्या चालीवर चालणारी. लिहायचे झाले की मात्र सगळे तमिळमध्येच लिहितात. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मामा त्रेसष्ट वर्षांचे आहेत. गावच्या कृषी सहकारी पतसंस्थेत हिशेबाचे काम करून निवृत्त झाले. पन्नाशीत रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. मामा चालू लागले. चालता चालता कधी धावू लागले, ते त्यांनाही नेमके सांगता येत नाही. आधी ५ किलोमीटर, मग १०, मग २१. साठी उलटल्यावर त्यांनी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, मनावर घेतली.

गेल्या जानेवारीत एका मोठ्या शहरातल्या शर्यतीत ते चौतिसाव्या किलोमीटरला थांबले. रस्त्याच्या कडेला बसले, स्वयंसेवकाला हाक मारली आणि मागून येणाऱ्या गाडीत बसून परत आले. पदक मिळाले नाही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, की चला, संपले एकदाचे. मार्चमध्ये मामांनी फोनवर सांगितले की पुढच्या जानेवारीत ते पुन्हा पूर्ण मॅरेथॉन धावणार आहेत.

आई मला म्हणाली, "परीक्षा झाली की आजोळी जा आणि मामाला समजाव. तुझं ऐकतो तो."

मी वाणिज्य शाखेत शिकते आणि फावल्या वेळात लेखांची भाषांतरे करते. हिशेब मांडणे आणि शब्द शोधणे, या दोनच गोष्टी मला थोड्याफार येतात. त्या दोन्ही सोबत घेऊन मी जूनमध्ये तंजावरला पोहोचले.

चार पुलांचा रस्ता

तंजावरहून तिरुवैयारु जेमतेम १२-१३ किलोमीटर. पण तेवढ्या अंतरात वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे चार प्रवाह ओलांडावे लागतात. हे सगळे कावेरीचेच फाटे. कोडगूच्या डोंगरात ही नदी उतारावरून उड्या मारत येते. इथे सपाटीवर आल्यावर ती मंदावते, वाटली जाते, आणि मंदावल्यामुळेच तिच्यातला गाळ खाली बसून भातशेतीची ही सगळी जमीन तयार झाली. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. मी गेले तेव्हा पाणी नुकतेच गावच्या कालव्यात पोहोचले होते आणि कुरुवै हंगामाच्या भातलावणीची धांदल चालू होती.

पहाटे मामा धावत आणि मी शेजारून सायकल चालवत असे. मला वाटले होते, ते दात-ओठ खाऊन धावत असतील. प्रत्यक्षात ते चार मिनिटे धावत आणि एक मिनिट चालत, आणि हा क्रम शेवटपर्यंत मोडत नसत. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, तुटक शब्द यायला लागले की वेग जास्त झाला समजायचे, हा त्यांचा नियम. सकाळी उठल्याबरोबर ते अंथरुणातच नाडी मोजत. रोजच्यापेक्षा दहा ठोके जास्त भरले, तर त्या दिवशी बूट जागेवरच. उन्हे वर येण्याआधी परत, आणि आल्यावर मीठ घातलेले पातळ ताक.

पहिल्याच दिवशी परतताना एक दृश्य दिसले. एका खाचरात दहा-बारा बायका कमरेत वाकून भात लावत होत्या. त्यांतल्या तिघी-चौघी तरी साठीच्या पुढच्या होत्या. चिखलात पाय, उघड्यावर पाठ, आणि दुपारपर्यंत असेच वाकायचे. मामांना पाहून त्यांतल्या एकीने काहीतरी विचारले आणि बाकीच्या हसल्या. मामाही हसले. मी विचारले, "काय म्हणाल्या?"

"कुणी मागे लागलंय का, म्हणून विचारते आहे."

मला हसू आले, पण थोड्या वेळाने ते ओसरले. "या वयात कशाला?" हा प्रश्न त्या बायकांना कोणी विचारत नव्हते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याच्या कष्टांबद्दलच आपल्याला हा प्रश्न पडतो. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालत जाणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींनाही तो कोणी विचारत नाही. उलट आपण वाकून त्यांच्या पाया पडतो. कावेरीच्या या खोऱ्यातही ऑगस्टच्या अखेरीस वेलांकण्णीच्या यात्रेला पायी निघालेल्या लोकांनी रस्ते भरून जातात, आणि त्यांतही म्हातारी माणसे असतातच. म्हणजे वय ही आपली खरी अडचण नाही. कष्टाला पोटाचे किंवा देवाचे कारण असेल तर वय आपल्या डोळ्यांत येत नाही. कारण दिसले नाही, की लगेच येते.

मग मामांचे कारण काय होते?

माझा हिशेब

मी युक्तिवाद तयार करूनच गेले होते. पहिला घसाऱ्याचा. हिशेबाच्या पुस्तकात यंत्राची किंमत दर वर्षी थोडी कमी करत नेतात, कारण यंत्र झिजते. मी म्हणाले, "मामा, त्रेसष्ट वर्षांच्या यंत्रावर एवढा भार टाकणं कोणत्या हिशेबात बसतं?"

मामा म्हणाले, "न वापरता ठेवलं तर जास्त झिजतं, असं एखादं यंत्र तुझ्या पुस्तकात आहे का?"

हे उत्तर नुसते हजरजबाबी नव्हते, खरेही होते. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी उतरत जाते, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा उतार बराच सौम्य असतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली. सत्तरी ओलांडलेल्या कोणीही त्याआधी असे केले नव्हते. पुढच्या वर्षी ७३व्या वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी आणखी कमी वेळ नोंदवली. त्यांचा सराव कुठे चाले, तर घराजवळच्या दफनभूमीत. तिथल्या वाटेवर ते तासन्‌तास एकटेच फेऱ्या मारत. ज्या जागेला आपण शेवट समजतो, तिथे रोज धावायला जाणारा हा माणूस मला फार आवडला.

दुसरा युक्तिवाद धोक्याचा. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीच्या वेळी बंद पडले, असे त्यात आढळले. धोका अर्ध्यापेक्षा पूर्ण अंतरात जास्त होता आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त. मी हे आकडे मामांना दाखवले आणि दाखवता दाखवता माझ्याच लक्षात आले, की ते माझ्या बाजूचे नाहीत. धोका आहे, पण फार छोटा आहे. मात्र मामींना हे आकडे सांगून काही उपयोग नव्हता. त्यांच्या घरात मामा एकच आहेत, एक कोटी नाहीत.

तिसरा युक्तिवाद मी राखून ठेवला होता. "मामा, खरं सांगा. हे सगळं त्या पदकासाठीच ना?"

यावर मामा लगेच बोलले नाहीत. वेट्टारुचा पूल ओलांडेपर्यंत आम्ही गप्प होतो. मग म्हणाले, "पाय एकतिसाव्यालाच सांगत होते. मन म्हणत होतं, एवढं झालं, आता थोडंच राहिलं. तीन किलोमीटर मी मनाचं ऐकलं. चौतिसाव्याला पायांचं ऐकलं. ते तीन किलोमीटर पदकासाठी होते, खोटं कशाला बोलू? त्याआधीचे एकतीस नव्हते."

आमच्या अभ्यासात 'बुडीत खर्च' नावाची एक कल्पना आहे. जो पैसा खर्च होऊन गेला आणि परत येणार नाही, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे ती सांगते. चित्रपट कंटाळवाणा आहे, पण तिकिटाचे पैसे गेले आहेत म्हणून शेवटपर्यंत बसून राहणे, ही नेहमी दिली जाणारी चूक. परीक्षेत मी त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. चौतीस किलोमीटर पायाखालून गेल्यावर, आठ किलोमीटर उरलेले असताना आणि मागे सहा महिन्यांचा सराव असताना रस्त्याच्या कडेला बसून घेणे, हे त्या उत्तरापेक्षा किती अवघड असेल, याचा विचार मी पहिल्यांदा तिथे केला.

गीतेत चंचल मनाला आवरण्याचे उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी सांगितली आहे. आपण ती नेहमी एका दमात म्हणतो, पण जगताना बहुतेक वेळा एकच उचलतो. ज्याला फक्त अभ्यास जमतो, तो हट्टी होतो. शरीर नको म्हणत असतानाही तो आकड्यामागे पळत राहतो. आणि ज्याला फक्त वैराग्य आवडते, त्याने एकदा तपासून पाहावे की ते वैराग्य आहे की आळस. "आता आमचं काय राहिलंय," असे साठीला म्हणणारे आणि पंचविशीत "मला स्पर्धा आवडतच नाही" म्हणणारी माझ्यासारखी मुले, दोघेही कधी कधी खुर्चीतून न उठण्यालाच निवृत्ती म्हणत असतात. रोज पहाटे उठून सहा महिने तयारी करायची आणि वेळ आली की चौतिसाव्या किलोमीटरला सोडून द्यायचे, यात दोन्ही एकत्र येतात.

इथपर्यंत आल्यावर मी मामांच्या बाजूची झाले होते. आईला फोन करून तसे सांगणारही होते. पण एक वही मध्ये आली.

मयक्कम

मामा धावण्याचा हिशेब वहीत ठेवतात. पतसंस्थेची सवय. तारीख, अंतर, वेळ, सकाळची नाडी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एका दुपारी मी ती वही चाळत बसले होते. मला तमिळ अक्षरे लावता येतात, पण शब्द कमी येतात. एप्रिल आणि मेच्या पानांवर शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द तीन वेळा आला होता. मी तो अडखळत वाचला. मामी स्वयंपाकघरात होत्या. मी तिथूनच विचारले, "मामी, मयक्कम म्हणजे काय हो?"

"चक्कर," मामी म्हणाल्या. मग त्या बाहेर आल्या. "कुठे वाचलंस?"

माझ्या हातात वही होती. सांगण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

मामी शिकलेल्या आहेत. मराठी न वाचणाऱ्या, पण तमिळ घडाघडा वाचणाऱ्या. त्यांनी तिन्ही नोंदी पाहिल्या, तारखा पाहिल्या आणि वही मिटून जागेवर ठेवली. संध्याकाळी मामा आले तेव्हा त्यांनी रोजच्यासारखी कॉफी दिली. रात्री जेवण झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "तुम्ही धावता म्हणून मी रोज घाबरते. ती माझी भीती आहे, मी सांभाळते. पण वहीला सांगितलंत आणि मला नाही सांगितलंत?"

मामांकडे उत्तर नव्हते. चौतिसाव्या किलोमीटरला जे त्यांना जमले होते, ते घरात जमले नव्हते. रस्त्यावर अनोळखी स्वयंसेवकाला त्यांनी हात वर करून बोलावले होते. घरी मात्र "सांगितलं तर धावणं बंद करतील" म्हणून गप्प राहिले होते. आणि त्यात आमचाही वाटा होता, हे मला त्या रात्री टोचत राहिले. धावणाऱ्याला प्रत्येक वेळी "बंद करा" एवढेच ऐकायला मिळाले, की तो लक्षणे लपवायला शिकतो. आमच्या काळजीने त्यांना सुरक्षित केले नव्हते, एकटे पाडले होते.

पुढे मी कोशात पाहिले. 'मयक्कम' या शब्दाचा दुसराही अर्थ आहे, मोह किंवा भूल. शरीराला येते ती चक्कर आणि मनाला पडते ती भूल, तमिळ माणूस दोन्हींना एकच शब्द वापरतो. मामांना दोन्ही झाले होते. आणि "मी काळजीपोटी बोलते, म्हणून माझे बरोबरच आहे" ही आमची भूल होती.

दोन दिवसांनी मामा तंजावरला जाऊन डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या करून आले. मामी बरोबर होत्या. हृदयात दोष निघाला नाही, पण रक्तदाब वाढलेला होता आणि औषध बदलावे लागले. डॉक्टरांनी या वर्षी पूर्ण अंतर नको म्हणून सांगितले. रक्तदाब स्थिर राहिला तर अर्धे चालेल, तेही पुन्हा तपासून.

वाटेवरचे छत्र

मामींचे माहेर ओरत्तनाडूचे. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने साधारण २२-२३ किलोमीटर, म्हणजे अर्धमॅरेथॉनपेक्षा थोडे जास्त. त्याच आठवड्यात मामी मला तिथे घेऊन गेल्या आणि जाता जाता मुक्तांबाळ छत्र दाखवले.

तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी अशी अनेक छत्रे बांधली. त्यांतले हे एक, शरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळातले. तेव्हा काशी-रामेश्वर ही यात्रा लोक पायी करत. महिनोन्‌महिने चालणे, ऊन, ताप, साप, चोर. त्यांतले कितीतरी वयस्क असणार, कारण संसाराची जबाबदारी उतरल्यावरच अशा यात्रेला निघायची रीत होती. छत्रात वाटसरूला शिजवलेले अन्न मिळे, मुक्काम करता येई, आजारी पडलेल्याला वैद्याचे उपचार मिळत. १८०१ मध्ये शरफोजीराजांनी कंपनी सरकारला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या सेवेचे वर्णन करून ती चालू राहावी असा आग्रह धरला होता. राज्याचा कारभार हातातून गेलेला असतानाही राजाला वाटसरूंची काळजी होती.

त्या जुन्या वास्तूसमोर उभी असताना मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न बदलला. रामेश्वरच्या वाटेवर माणसे आजारी पडत होती, मरतही होती, हे राजाला माहीत होते. "या वयात कशाला?" असे म्हणून वाट बंद करता आली असती. त्याने एका दिवसाच्या चालीवर छत्र बांधले. वाट धोक्याची आहे ना, मग वाटेवर अन्न, निवारा आणि वैद्य असू द्या.

मला वाटते, प्रेमाचे काम इतकेच असावे. दुसऱ्याची वाट आपण चालू शकत नाही आणि ती बंद करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. वाटेवर छत्र मात्र बांधता येते.

पण छत्राचा उपयोग कधी होतो? वाटसरू तिथे थांबला तर. "मला काही झालेलं नाही" म्हणत जो ताप अंगावर काढून पुढे चालतो, त्याला राजाही काही देऊ शकत नाही. म्हणून चालणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. आपले शरीर आपले आहे हे खरे, पण ते फक्त आपले नाही. त्याला कोणीतरी चाळीस वर्षे जेवू घातले आहे, त्याच्या आजारपणात कोणीतरी रात्री जागवल्या आहेत. त्या माणसाला शरीराची खरी बातमी मिळाली पाहिजे. धावायचे की नाही हा निर्णय धावणाऱ्याचा असू शकतो. चक्कर आली ही बातमी मात्र त्याची एकट्याची नाही.

थांबणे

तुम्हाला पंजाबचे फौजा सिंग माहीत असतील. मुलाच्या मृत्यूच्या दुःखातून सावरताना ते धावण्याकडे वळले आणि २००० मध्ये, ८९व्या वर्षी, लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन धावले. २०११ मध्ये, वयाची शंभर वर्षे झाल्यावर, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन आठ तासांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण केली. जन्माचा दाखला नसल्याने गिनेस बुकात त्या विक्रमाची नोंद झाली नाही. २०१३ मध्ये हाँगकाँगला १० किलोमीटर धावून त्यांनी शर्यती थांबवल्या. चालणे मात्र थांबवले नाही. जुलै २०२५ मध्ये, ११४व्या वर्षी, आपल्या गावाजवळ रस्त्यावर चालत असतानाच वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. मला त्यांच्या विक्रमांइतकेच ते २०१३ नंतरचे चालणे महत्त्वाचे वाटते. शर्यत सुटली, पायांची सवय सुटली नाही.

मामांनाही शर्यत थोडी सोडावी लागली. पूर्ण अंतराचा बेत रद्द झाला तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे. दोन दिवस ते धावायला गेले नाहीत, फारसे बोललेही नाहीत. सोडून देणे त्यांना सोपे गेले असे लिहिले, तर ते खोटे होईल. तिसऱ्या दिवशी पहाटे नाडी मोजली, वहीत लिहिली आणि वही मामींच्या हातात दिली. तेव्हापासून शेऱ्याचा रकाना मामी वाचतात.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी ठरले, की जानेवारीत मामा २१ किलोमीटर धावतील, डॉक्टरांनी पुन्हा होकार दिला तरच. मामी दहाव्या किलोमीटरला ताक घेऊन उभ्या राहतील, मी सोळाव्याला. आमच्यापैकी कोणालाही ते ठीक दिसले नाहीत, तर आम्ही "थांबा" म्हणायचे आणि त्यांनी वाद न घालता थांबायचे. मामांनी हे मान्य केले. जानेवारीत काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित डॉक्टर नाहीही म्हणतील.

भाषांतर करताना एक शब्द मला नेहमी अडवतो. आपल्या मराठीत 'थांबणे' याचे दोन अर्थ होतात. चालता चालता उभे राहणे हा एक. आणि कोणाची तरी वाट पाहणे हा दुसरा. "थांब, मी आले," असे आपण म्हणतो तेव्हा संपवायला सांगत नसतो, सोबत न्यायला सांगत असतो. दुसऱ्या भाषेत नेताना यासाठी दोन वेगळे शब्द शोधावे लागतात. वयाबरोबर जे थांबणे येते ते आपण नेहमी पहिल्याच अर्थाने घेतो आणि म्हणून त्याला इतके भितो. मामी दहाव्या किलोमीटरला थांबणार आहेत, तो अर्थ आपण विसरतो.

तेव्हा तुमच्या घरात कोणी उतारवयात धावत असेल, पोहत असेल, डोंगर चढत असेल किंवा नव्याने काही शिकायला बसले असेल, तर पुढच्या वेळी "या वयात कशाला?" हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबा. त्याऐवजी विचारून पाहा, "आज कसं वाटलं?" आणि जे उत्तर येईल ते ऐकून लगेच मनाई करू नका, म्हणजे पुढच्या वेळीही खरे उत्तर येईल.

आणि धावणारे तुम्ही असाल, तर तुमच्यासाठीही एक विनंती. छातीत जडपणा, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर त्या क्षणी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. त्याआधी घरात सांगा. वहीतला शेवटचा रकाना कोणाला तरी वाचू द्या.

उद्या पहाटे साडेचारला तुमच्या घरात नाड्या बांधल्या जात असतील, तर उठून दारापर्यंत जाऊन या. पाण्याची बाटली भरून दिलीत, तरी पुष्कळ झाले.